आवडत्या बँडचे व्हिडिओ टाकले की कधी क्लेम, कधी स्ट्राइक... नक्की भानगड काय आहे?

सूरवेडी

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. मी एका बँडची फॅन आहे, बँड कधीच फुटलाय, नाव मुद्दाम लिहीत नाही नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. त्यांच्यासाठी एक छोटं चॅनल चालवते, जाहिराती बंद, कमाई शून्य, बघणारे म्हणजे आमच्यासारखेच मोजके वेडे. त्यावर तीन प्रकारचं सामान आहे. एक त्यांचे अधिकृत म्युझिक व्हिडिओ, जे आता कुठेच धड सापडत नाहीत, जुन्या टीव्ही रेकॉर्डिंगवरून काढून रंग-आवाज जरा साफ करून टाकलेत. दुसरं, प्रेक्षकांनी काढलेल्या लाइव्ह कार्यक्रमांच्या क्लिपा. आणि तिसरे माझे स्वतःचे उद्योग, म्हणजे वेगवेगळ्या व्हिडिओंचे तुकडे जोडणं, खाली ओळींचा मराठी अर्थ टाकणं वगैरे.

आता गंमत अशी की बहुतेक सगळ्यांवर कॉपीराइट क्लेम आहे पण व्हिडिओ आरामात चालू आहेत, काही व्हिडिओ फक्त ठरावीक देशांत दिसत नाहीत, आणि एक व्हिडिओ, जो बाकीच्यांपेक्षा काही वेगळा नव्हता, तो थेट काढला आणि वर स्ट्राइक. मला लॉजिकच कळत नाहीये. प्रत्येक व्हिडिओखाली मी बँडचं, कंपनीचं नाव दिलेलं असतं, हक्क त्यांचेच आहेत असंही लिहिते, पैसे तर घेतच नाही. मग आक्षेप कशाला? डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकू का? का गप्प बसू? कुणीतरी म्हणालं आवाजाची पट्टी थोडी वर कर आणि चित्र आरशासारखं उलटं कर म्हणजे पकडत नाहीत. खरंय का हे?

कात्रीवाला

साइटचं नाव लिहिलं नाहीस, पण वर्णनावरून यूट्यूबसारखंच प्रकरण दिसतंय, तिथलं मला नीट माहीत आहे म्हणून तेच धरून सांगतो.

क्लेम आणि स्ट्राइक या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक कायम एकत्र कालवतात. क्लेम येतो तो बहुतेक वेळा कंटेंट आयडी नावाच्या मशीनकडून. हे २००७ पासून आहे. गाण्याचा किंवा व्हिडिओचा मालक आपली मूळ फाइल तिथे जमा करून ठेवतो, मशीन तिचा ठसा काढतं आणि जगातून जे जे अपलोड होतं ते त्या ठशाशी ताडून बघतं. जुळलं की मालकाने आधीच जे सांगून ठेवलेलं असतं ते होतं. एक तर व्हिडिओ अडवायचा, किंवा त्यावर जाहिराती लावून पैसे मालकाने घ्यायचे, किंवा काहीच न करता नुसते आकडे बघत बसायचं. आणि हे देशागणिक वेगवेगळं लावता येतं, म्हणून तुझे काही व्हिडिओ अमुक देशात दिसत नाहीत. यूट्यूबच्या स्वतःच्या अहवालांप्रमाणे ९० टक्क्यांहून जास्त क्लेममध्ये मालक पैसे घेण्याचाच पर्याय निवडतात. त्यामुळे तू 'कमाई शून्य' म्हणतेस ना, ती तुझी शून्य आहे. व्हिडिओवर जाहिरात चालू असेल तर कुणीतरी कमावतंय, फक्त तू नाहीस.

स्ट्राइक म्हणजे मालकाने, किंवा त्याने नेमलेल्या एजन्सीने, रीतसर कायदेशीर नोटीस दिली की हा व्हिडिओ काढा. अमेरिकेत १९९८ चा डीएमसीए कायदा आहे, त्यानुसार नोटीस आल्यावर साइटने व्हिडिओ चटकन काढला तर साइटवर जबाबदारी येत नाही. म्हणून साइट वाद घालत बसतच नाही, आधी काढते. पहिल्या स्ट्राइकला एक छोटा कॉपीराइटचा वर्ग करायला लावतात, तो केलास आणि पुढे काही झालं नाही तर ९० दिवसांनी स्ट्राइक जातो. त्या ९० दिवसांत तीन झाले की चॅनल गेलं. म्हणजे आत्ता तुझ्यासाठी महत्त्वाचं काय, तर पुढचे ९० दिवस नवीन काही टाकू नकोस आणि जुन्यातलं जे जे त्याच मालकाचं आहे ते प्रायव्हेट करून ठेव.

पट्टी बदलणं, उलटं करणं, चौकट लावणं हे जुने धंदे आहेत, मशीन त्यातलं बरंचसं पकडतं. आणि नाही पकडलं तरी तोटा तुझाच, कारण उद्या कुणी माणसाने बघितलं तर तू 'मला माहीत नव्हतं, प्रेमापोटी टाकलं' असं म्हणूच शकत नाहीस, लपवण्यासाठीच केलंस हे उघड दिसतं. शिवाय फॅन म्हणवायचं आणि आवडत्या गाण्याचा आवाज चिमटा काढल्यासारखा करून लोकांना ऐकवायचा, हे मला तरी कळत नाही.

बेसूर

कात्रीवाल्यांनी मशीनचं सांगितलं, मी हक्कांचं सांगते, कारण 'एकच व्हिडिओ का उडाला' याचं उत्तर तिथे आहे.

एका म्युझिक व्हिडिओत मालकी एक नसते. चाल एकाची, शब्द कधी दुसऱ्याचे, या दोन्हींचे हक्क बहुधा पब्लिशर नावाच्या वेगळ्याच कंपनीकडे. मग ते गाणं प्रत्यक्ष रेकॉर्ड केलेलं जे आहे, ते लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं. मग चित्रीकरण, तेही बहुतेकदा लेबलचं पण नेहमीच नाही. टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं असेल तर वाहिनीचा पण काहीतरी संबंध. तू जी लाइव्ह क्लिप टाकलीस त्यात लेबलचं रेकॉर्डिंग नाहीच, म्हणून मशीनला पटकन सापडत नाही, पण चाल आणि शब्द तर तेच आहेत ना, शिवाय ती क्लिप ज्याने काढली त्या प्रेक्षकाचा पण हक्क आहे, त्याला विचारलंस का? फॅन लोक कंपनीवर चिडतात आणि दुसऱ्या फॅनने मेहनतीने काढलेली क्लिप खुशाल उचलतात, हे मी किती वेळा बघितलंय.

त्यात या कंपन्या एकमेकींना विकत घेतात. ईएमआय या ब्रिटिश संगीत कंपनीचंच बघा, २०१२ मध्ये तुकडे झाले, रेकॉर्डिंगचा धंदा युनिव्हर्सलने घेतला, पब्लिशिंग सोनीच्या गटाकडे गेलं, आणि त्यातलंच पार्लोफोन हे लेबल २०१३ मध्ये वॉर्नरकडे. एकाच कलाकाराचे हक्क असे तीन दारांत गेले असतील तर एका दारात चालतं ते दुसऱ्या दारात चालत नाही. जुन्या मालकाने 'राहू दे, जाहिरात लावा' म्हटलेलं असतं, नवीन मालकाची एजन्सी येते आणि सरसकट नोटिसा पाठवते. तुझा व्हिडिओ वेगळा नव्हता, त्यातल्या कुठल्यातरी एका थराचा मालक वेगळा असणार. नोटिशीत कुणाचं नाव आहे ते नीट वाच.

आणि नाव देणं. श्रेय देणं चांगलंच, पण श्रेय म्हणजे परवानगी नाही. 'हक्क मूळ मालकाचे' असं खाली लिहिणं म्हणजे उलट आपल्याला माहीत होतं याचा लेखी पुरावा.

रात्रपाळी

सगळेच कंपनीच्या बाजूने बोलायला लागले की काय? अहो फॅननी शेअर केलं म्हणून तर गाणी मोठी झाली. ओके गो नावाचा बँड आठवतोय का, ट्रेडमिलवर नाचायचा तो व्हिडिओ, २००६ चा, घरगुती खर्चात केलेला, आणि लोकांनी आपापल्या ब्लॉगवर लावून लावून जगभर नेला. नंतर त्यांच्या लेबलने काय केलं तर एम्बेड बंद, म्हणजे दुसऱ्या साइटवर व्हिडिओ लावताच येईना, कारण तिथे लावला तर लेबलला पैसे मिळत नव्हते. त्या गायकाने २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला की एम्बेड बंद केल्यावर आमचे बघणारे ९० टक्क्यांनी घटले. पुढच्याच महिन्यात त्यांनी लेबल सोडून स्वतःची कंपनी काढली. आता सांगा शहाणं कोण.

२०१३ चं 'हार्लेम शेक' हे गाणं पण बघा, त्यावरचे तीस सेकंदांचे वेडे नाच, हजारो लोकांनी टाकले, लेबलने एकही न काढता कंटेंट आयडी लावून सगळ्यांवर जाहिराती घेतल्या, आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाने यूट्यूबचे आकडे आपल्या गाण्यांच्या क्रमवारीत मोजायला सुरुवात केली, त्यात अशा फॅन व्हिडिओंचे पण, आणि गाणं थेट पहिल्या नंबरावर. त्यातला विनोद म्हणजे गाण्यात दुसऱ्यांच्या आवाजाचे जे दोन तुकडे होते त्यांची परवानगी गाणंवाल्यांनी स्वतःच आधी घेतली नव्हती!! गाणं गाजल्यावर त्या आवाजवाल्यांनी हिशोब मागितला. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळे उचलतातच, पकडला जातो तो फक्त फॅन.

बेसूर

@रात्रपाळी मी कंपनीच्या बाजूने नाही हो. तुमची दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत पण नीट बघा, दोन्हींमध्ये निर्णय मालकाने घेतला. एकाने मूर्खासारखा, दुसऱ्याने हुशारीने. हार्लेम शेकवाल्यांनी उद्या 'आता पुरे' म्हणून सगळे व्हिडिओ अडवले असते तर त्या नाचणाऱ्यांच्या हातात काय होतं? फॅन शेअरिंग हे बहुतेक सगळं दुसऱ्याच्या कानाडोळ्यावर चाललेलं असतं. तो कानाडोळा कित्येक वर्षं टिकतो म्हणून आपल्याला तो हक्कच वाटायला लागतो.

रात्रपाळी

पण कायद्यात फेअर यूज, म्हणजे न विचारता थोडंसं वापरायची मुभा, आहे ना. दहा सेकंदांपर्यंत चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

कात्रीवाला

दहा सेकंद, तीस सेकंद, सात सूर, असा कुठलाही नियम नाहीये. अमेरिकेच्या कायद्यात नाही, आपल्याकडच्याही नाही. ही अफवा इतकी जुनी झालीये की लोक खात्रीने एकमेकांना सांगतात.

अमेरिकेतला फेअर यूज म्हणजे चार गोष्टी एकत्र तोलून बघतात. कशासाठी वापरलं आणि त्यात काही नवीन भर घातली का, मूळ कृती कशा प्रकारची आहे, किती घेतलं, आणि त्याने मूळ गोष्टीच्या बाजाराला धक्का बसतो का. हे कोर्ट ठरवतं, प्रत्येक केसचं वेगळं. बऱ्याच इतर देशांत, आपल्याकडेही, फेअर डीलिंग आहे, ते अजून अरुंद, म्हणजे समीक्षा, अभ्यास, बातमी अशी कारणं ठरलेली असतात. युरोपात २०१९ च्या नव्या निर्देशात उद्धरण, टीका, विडंबन, पास्तिश (दुसऱ्याच्या शैलीची नक्कल) हे शाबूत ठेवा असं साइटना सांगितलंय, पण त्याच निर्देशाने साइटवरची जबाबदारी पण वाढवली त्यामुळे साइट अजूनच घाबरून चाळण लावतात.

एक केस मात्र प्रत्येक फॅनला माहीत पाहिजे. २००७ मध्ये एका आईने आपलं बाळ स्वयंपाकघरात नाचतानाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे प्रिन्स या अमेरिकी गायकाचं गाणं वाजतंय, तेही धड ऐकू येत नाही. युनिव्हर्सलच्या पब्लिशिंगवाल्यांनी काढायला लावला. तिने प्रतिनोटीस देऊन व्हिडिओ परत लावून घेतला आणि उलट त्यांच्यावरच दावा ठोकला. २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की नोटीस पाठवण्याआधी हा फेअर यूज असू शकतो का याचा विचार मालकाने करायलाच हवा. पण वाचा की पुढे, 'विचार केला' असं मालकाने प्रामाणिकपणे मानलं की पुरे, तो विचार बरोबर असायलाच हवा असं नाही. आणि प्रकरण मिटलं २०१८ मध्ये, तडजोडीने. नाचणारं बाळ तोपर्यंत शाळेत वरच्या वर्गात गेलं असेल. ही केस पण तिला एका स्वयंसेवी संस्थेचे वकील मिळाले म्हणून लढता आली.

सूरवेडी

वाचून डोकं गरगरलं पण समजतंय. म्हणजे माझे तुकडे जोडलेले व्हिडिओ तरी सुरक्षित आहेत का? त्यात माझी मेहनत आहे, नुसतं उचलून ठेवलेलं नाही. आणि अर्थ लिहिलाय त्याने तर लोकांना गाणं कळतंय.

बेसूर

मेहनत हा निकष नाहीये, भर काय घातली हा आहे. चार व्हिडिओंतले छान छान तुकडे घेऊन त्याच गाण्यावर बसवले, तर बघणाऱ्याला मिळतं काय, तर तेच गाणं पूर्ण, तोच बँड. तो बघून मूळ व्हिडिओ बघायची गरज राहत नाही. हे कमकुवत. पण समजा तू दाखवलंस की या बँडच्या पहिल्या व्हिडिओत कॅमेरा कसा फिरतो आणि शेवटच्यात कसा, मधे थांबवून स्वतः बोललीस, दहा-पंधरा सेकंद वाजवून मुद्दा सांगितलास, तर ते समीक्षेकडे झुकतं. तरी मशीन पकडेल बरं का, मशीनला समीक्षा कळत नाही, पण तिथे डिस्प्यूट करायला तुझ्या हातात काहीतरी असेल.

ओळींचा अर्थ हे तर अजून नाजूक. गीताचा अनुवाद करायचा हक्क पण मूळ गीतकाराचाच असतो. पूर्ण गाणं ओळीला ओळ उतरवलंस तर तो अनुवाद झाला. त्यापेक्षा गाणं कशाबद्दल आहे, ती अमुक ओळ कुठल्या प्रसंगातून आली हे स्वतःच्या शब्दांत लिहिलंस तर कुणी काही म्हणणार नाही आणि खरं सांगू का, वाचायलाही जास्त मजा येते.

टेपरेकॉर्डर

उशिरा आलो धाग्यावर. जे अधिकृत व्हिडिओ आता कुठे सापडत नाहीत त्यांबद्दल मला बोलायचंय, बाकी सगळं झालंच आहे.

वर जे कायद्याचं सांगितलं ते बरोबर, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. मालक स्वतः किती सांभाळतात? बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमाचे साठ आणि सत्तरच्या दशकातले शेकडो भाग पुसून टाकले गेले, कारण तेव्हा टेप महाग आणि परत वापरायची पद्धत. त्यातलं जे थोडंफार मागाहून सापडलं त्यात कुणी कुणी घरी करून ठेवलेल्या रेकॉर्डिंगचा वाटा आहे. २००८ मध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली त्यात मूळ मास्टर टेप जळाल्या, आणि किती मोठं नुकसान झालं याची चर्चा जगाला कळली २०१९ मध्ये, एका पत्रकाराने खणून काढल्यावर. एमटीव्ही न्यूजची साइट २०२४ मध्ये बंद केली, वीसेक वर्षांचं लिखाण एका फटक्यात गायब. मग मला सांगा, आपली टीव्हीवरून उतरवलेली कॅसेट टाकणाऱ्या फॅनला चोर म्हणायचं का?

कायदा म्हणेल हो. बाजारात उपलब्ध नाही म्हणून हक्क संपत नाही, रेकॉर्डिंगचा हक्क कित्येक दशकं टिकतो, आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, बँड फुटला काय नि कंपनी बुडाली काय. पण व्यवहारात माझं मत असं की जतन करणं आणि सगळ्या जगाला दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी समजाव्यात. सूरवेडी, तुझी ती साफ केलेली रेकॉर्डिंग आहेत ना, ती चॅनलवर राहोत न राहोत, मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी नीट ठेव, साफ करण्याआधीची पण, आणि सोबत लिहून ठेव की कुठल्या वाहिनीवरून, साधारण कधी रेकॉर्ड केलेलं आहे. चॅनल म्हणजे कपाट नव्हे, चॅनल म्हणजे खिडकी, ती दुसऱ्याच्या भिंतीत आहे. लोक चॅनललाच साठा समजतात आणि चॅनल गेलं की सगळंच जातं.

रात्रपाळी

@टेपरेकॉर्डर हे पटलं. आणि साइट आणि कंपनीच्या भांडणात पण फॅनच मरतो हे पण लिहा कुणीतरी. २०२४ मध्ये युनिव्हर्सल आणि टिकटॉकचं करारावरून फाटलं तर लाखो व्हिडिओ मुके झाले, लोकांनी काही केलं नव्हतं, आधी साइटच्याच लायब्ररीतून गाणं निवडलेलं होतं. मे मध्ये करार झाला मग परत आवाज. जर्मनीत तर २००९ पासून २०१६ पर्यंत संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करणाऱ्या तिथल्या गेमा संस्थेचं आणि यूट्यूबचं पैशावरून जमेना म्हणून कितीतरी म्युझिक व्हिडिओ तिथे दिसतच नव्हते, फॅनचे सोडा, कलाकारांचे स्वतःचे अधिकृत पण.

कोपऱ्यातला ड्रमर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमचा छोटा बँड आहे, लेबल नाही, सगळं स्वतःच. आमचा एक व्हिडिओ कुणीतरी 'फॅन'ने उचलून स्वतःच्या चॅनलवर टाकला, प्रेमानेच टाकला, खाली आमचं नाव पण होतं. पण झालं असं की शोधलं की त्याचाच वर यायला लागला, प्रतिक्रिया तिकडे, लोक नवीन गाणं कधी येतंय हे त्याला विचारतात, आणि आमच्या चॅनलवर सामसूम. इथे चर्चेत मोठ्या कंपन्यांचंच चाललंय पण कंटेंट आयडी थेट सगळ्यांना मिळत नाही, भरपूर माल असणाऱ्यांनाच देतात, आमच्यासारख्यांना एखाद्या वितरकामार्फत घ्यावं लागतं आणि तो त्यातला हिस्सा घेतो, नाहीतर हाताने फॉर्म भरा. मोठ्या लेबलला फॅनचा व्हिडिओ म्हणजे फुकटची जाहिरात आणि वर पैसे. आम्हाला ते दोन्ही नाही.

मी स्ट्राइक टाकला नाही, त्या मुलाला मेसेज केला की बाबा काढ आणि आमच्या व्हिडिओची लिंक लाव, त्याने लगेच केलं. सांगायचं म्हणजे, छोट्या कलाकाराचं काही आवडलं तर कृपया परत अपलोड करू नका. लिंक द्या, एम्बेड करा, प्लेलिस्टमध्ये घाला. बघणारा आमच्याकडे येतो आणि तुमचं फॅनपण पण राहतं.

कात्रीवाला

ड्रमरभाऊंनी जे सांगितलं त्याला कायद्याचाही आधार आहे. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलंय की मालकाने स्वतः सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं जे आहे त्याची लिंक दिली तर उल्लंघन नाही. मात्र पुढे २०१६ मध्ये हेही म्हटलंय की माल बेकायदा टाकलेला आहे हे माहीत असून लिंक दिली तर गोष्ट वेगळी, आणि त्यातून पैसे कमावत असाल तर तुम्हाला माहीत होतं असंच धरतील. म्हणजे अधिकृत चॅनलची लिंक बिनधास्त, कुठल्यातरी चोरट्या साइटची नको.

सूरवेडी, तुझ्या डिस्प्यूटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. क्लेमवर डिस्प्यूट टाकलास तर मालकाला ३० दिवस मिळतात. तो काही बोललाच नाही तर क्लेम सुटतो. त्याने फेटाळलं तर तू अपील करू शकतेस, तिथे त्याला ७ दिवस, आणि तेव्हा त्याच्या हातात सोडणं किंवा रीतसर नोटीस देणं एवढंच उरतं, नोटीस दिली की स्ट्राइक. म्हणजे निरुपद्रवी क्लेमचा स्ट्राइक करून घ्यायचा हा हमखास रस्ता आहे, विनाकारण जाऊ नये. यूट्यूबचा २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांचा अहवाल आहे, ७२ कोटींच्या वर क्लेम, त्यातल्या जेमतेम अर्ध्या टक्क्यावर कुणी डिस्प्यूट केला, आणि केलेल्यांपैकी ६० टक्के अपलोड करणाऱ्याच्या बाजूने लागले. हा ६० टक्क्यांचा आकडा वाचून लोक उड्या मारतात. पण डिस्प्यूट कोण करतं, ज्याची बाजू मुळात भक्कम आहे तो. स्वतः वाजवलेल्या पियानोवर क्लेम आला, किंवा कॉपीराइट संपलेली रचना स्वतः वाजवून टाकली आणि मशीन गोंधळलं, अशा केसेस असतात त्यात. पूर्ण व्हिडिओ टीव्हीवरून उतरवून टाकणाऱ्याने त्यात स्वतःला मोजू नये.

सूरवेडी

बरं मग स्ट्राइकला पण प्रतिनोटीस देण्यात अर्थ नाही ना?

बेसूर

तुझ्या या केसमध्ये नाही. प्रतिनोटीस म्हणजे गंमत नाहीये अगं, त्यात खरं नाव, पत्ता द्यावा लागतो, तो समोरच्याला जातो, कोर्टात यायला तयार आहे असं लिहून द्यायचं, आणि व्हिडिओ चुकून काढला गेलाय हे खोटं निघालं तर शिक्षा होईल या अटीवर लिहून द्यायचं. त्यानंतर त्यांनी १० ते १४ कामाच्या दिवसांत दावा केला नाही तर व्हिडिओ परत येतो. केला तर तू आणि त्यांचे वकील. ज्या व्हिडिओत तुझं स्वतःचं काही नाही त्यासाठी एवढं कशाला.

त्यापेक्षा नोटीस ज्याच्या नावाने आहे त्याला ईमेल कर. नोटीस मागे घ्यायची सोय असते आणि ते कधीकधी घेतात. विनंती छोटी ठेव. बँडवरचं प्रेम, वर्षानुवर्षांची सेवा हे सगळं लिहू नकोस, तिकडे वाचणारा माणूस असे ढीगभर मेल वाचतो. व्हिडिओची लिंक, मी तो परत टाकणार नाही, तुमचे बाकीचे पण मी स्वतःहून काढलेत, स्ट्राइक मागे घ्यावा. बस. आणि खरंच बाकीचे काढ आधी, मग मेल कर.

टेपरेकॉर्डर

त्याच मेलमध्ये एक ओळ वाढव. त्या जुन्या व्हिडिओची चांगली प्रत तुमच्याकडे नसेल तर माझ्याकडची देते, असं लिही. नव्व्याण्णव टक्के उत्तर येणार नाही. पण कंपन्या जुने व्हिडिओ नव्याने साफ करून अधिकृत चॅनलवर टाकतात तेव्हा त्यांनाही कुठूनतरी प्रत लागतेच, आणि तुझी टीव्हीवरची प्रत त्यांच्या कामाची नसली तरी असा व्हिडिओ होता आणि कुणालातरी हवाय एवढं तरी त्यांच्या कानावर जाईल.

सूरवेडी

हे छान सुचवलंत दादा. चालेल, टीव्हीवरचे सगळे प्रायव्हेट करते, लाइव्ह क्लिपांसाठी ज्यांनी काढल्यात त्यांना विचारते, जे सापडतील त्यांना. आणि बोलून समजावणारा एक व्हिडिओ करून बघते, आवाज बरा नाहीये माझा पण बघू. एक शेवटचं, प्रायव्हेट केलेले व्हिडिओ पण मशीन तपासतं का हो?

कात्रीवाला

तपासतं. क्लेम प्रायव्हेटवर पण येतो. फायदा असा की नवीन व्हिडिओ टाकताना आधी प्रायव्हेट किंवा अनलिस्टेड (फक्त लिंक असेल त्यालाच दिसणारा) ठेवायचा, प्रसिद्ध करण्याआधी तपासणीचा टप्पा दिसतो, कुठल्या मिनिटाला काय पकडलंय ते तिथेच कळतं, मग तेवढा तुकडा छोटा करायचा. पण म्हणून जुनी रेकॉर्डिंग तिथेच प्रायव्हेटमध्ये साठवून ठेवू नकोस, आधी उतरवून घे, मग डिलीट मार.